अकरा मुलांच्या घुंगरांचं माप

माझ्या बॉइज बॅचमध्ये तेव्हा अकरा मुलं होती, आणि त्यातल्या नऊ जणांच्या घरी आपला मुलगा कथक शिकतो हे माहीत नव्हतं. उरलेल्या दोघांच्या घरी माहीत होतं, कारण त्यांच्या बहिणी माझ्याकडेच शिकायच्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी घरी जाऊन सांगून टाकलं होतं.

ही गोष्ट मुलांनी लपवली नव्हती. मी लपवली होती. शाळेच्या ॲक्टिव्हिटी कार्डावर मुलांच्या रकान्यात मी स्वतः लिहून दिलं होतं, 'रिदम अँड फिटनेस'.

शाळा नवी होती, रायपूर ज्याची राजधानी झालं ते राज्यही नवंच होतं. भोपाळहून बदली होऊन आलेल्या साहेबांची मुलं, सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांची मुलं, जुन्या रायपूरच्या दुकानदारांची मुलं, सगळी एकाच वर्गात बसायची. मी कॉन्ट्रॅक्टवर घेतलेली डान्स टीचर. मुलींच्या तीन बॅच होत्या. आदल्या वर्षीच्या ॲन्युअल फंक्शनमध्ये माझ्या आयटममधला कृष्णही मुलगी होती, कंसही मुलगी होती. कंसाची काजळाने काढलेली मिशी घामाने हनुवटीपर्यंत आली होती. फंक्शन झाल्यावर आमचे प्रिन्सिपल दुबे सर मला म्हणाले, "मॅडम, अगले साल मूँछ असली चाहिए. लड़के लाइए."

मी "यस सर" म्हणाले. मी बहुतेक वेळा तेवढंच म्हणते. शाळेत असताना मला प्रश्नाचं उत्तर येत असूनही मी हात वर करायची नाही. नाचताना बोलावं लागत नाही, हे मला नाचात आवडण्याचं एक मोठं कारण होतं. शिकवायला लागल्यावर कळलं की तिथे नुसतं बोलावंच लागतं.

मुलं मला हवीच होती. माझा धाकटा भाऊ दहा वर्षांचा होईपर्यंत घरी माझ्या मागे उभा राहून माझ्यापेक्षा चांगले चक्कर घ्यायचा. मग शाळेत कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि त्याने एका दिवसात सोडून दिलं. आता तो बँकेत आहे. मित्रांच्या वरातीतसुद्धा नाचत नाही. तर जुलैत कार्डं वाटली गेली, आणि 'फिटनेस' वाचून अकरा मुलं आली. आठवी-नववीची. स्पोर्ट्स रूमच्या मागची खोली मला मिळाली होती. तिला फुटबॉलच्या चामड्याचा वास होता, त्यामुळे मुलांना ती आपलीच वाटली असावी.

प्रतीक साहू नावाच्या मुलाने दारातूनच विचारलं, "मिस, इसमें नाचना तो नहीं पड़ेगा ना?"

"नहीं," मी म्हणाले.

हे त्या वर्षातलं माझं तोंडाने बोललेलं पहिलं खोटं.

कथकमध्ये पढंत नावाचा एक प्रकार असतो. नाचाचे बोल आधी तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी देऊन ताल धरायचा. पाय नंतर. मुलांना पायांची लाज वाटते, तोंडाची वाटत नाही, हे मला भावाकडे पाहून माहीत होतं. म्हणून पहिले पाच आठवडे मी कोणाला उभंच केलं नाही. गोल करून खाली बसवलं आणि बोल म्हणायला लावले. कोण जास्त वेगाने म्हणतो, कोणाची जीभ अडखळते. दुसऱ्या आठवड्यात भांडणं सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात पीटी सर विचारायला आले की फुटबॉलच्या प्रॅक्टिसला पोरं 'तिग्दा दिगदिग' काय करताहेत. सहाव्या आठवड्यात प्रतीक बसल्या बसल्या एवढे पाय आपटायला लागला की मी म्हणाले, "उभा राहूनच कर." तो उभा राहिला. बाकीचे दहा जण त्याच्याकडे पाहून उभे राहिले. मी टाळी चालू ठेवली.

या अकरांत स्वप्निल सगळ्यात पुढे होता. नववीतला, उंच, पायाने मजबूत, चेहऱ्यावर कायम 'माझं काही चुकलं का' असा भाव. घरी मराठी, पण माझ्याशी मराठीत बोलायचा नाही. मी मराठीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. रायपूरच्या निम्म्या मराठी मुलांचं असंच आहे. त्याची जीभ आणि पाय, दोन्ही विजेसारखे चालायचे. आणि नेमकी तीच अडचण होती.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीन वेळा घ्यायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आणून टाकायचा. आमची तिहाई सोपी होती. पाच मात्रांचा तुकडा, 'तत् तत् तिग्दा दिगदिग थेई'. मग एक मात्रा रिकामी. पुन्हा तुकडा, पुन्हा एक रिकामी, पुन्हा तुकडा. सोळा मात्रांच्या तालात सुरुवात पहिलीवर केली की शेवटचा 'थेई' पुढच्या पहिलीवर पडतो. स्वप्निल त्या दोन रिकाम्या मात्रा खाऊन टाकायचा. मग तो दोन मात्रा आधीच पोहोचायचा आणि हात उंच करून, छाती पुढे काढून, सम यायची वाट पाहत उभा राहायचा. लवकर स्टेशनवर येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा.

मी सगळे उपाय केले. रिकाम्या मात्रेला मान हलव म्हटलं. श्वास घे म्हटलं. मोठ्याने 'एक' म्हण म्हटलं. तो 'एक' सुद्धा एवढ्या घाईने म्हणायचा की त्याची अर्धीच मात्रा व्हायची. "हाँ मिस, समझ गया," म्हणायचा, आणि पुन्हा तेच.

दिवाळीची सुट्टी संपली आणि घुंगरू आणायची वेळ झाली. बाजारात पट्ट्याला शिवलेले तयार घुंगरू मिळतात. ते मी वापरत नाही, आमच्या गुरुजींनी कधी वापरू दिले नाहीत. सुटे पितळी घुंगरू आणायचे आणि जाड सुती दोऱ्यात बांधून घ्यायचे. नुसते ओवून चालत नाहीत. प्रत्येक घुंगराच्या पुढे-मागे गाठ लागते, नाहीतर ते घसरून एका जागी गोळा होतात. पायाच्या घेराप्रमाणे त्यांच्या ओळी नीट बसायला हव्यात, म्हणून माप द्यावं लागतं.

हे काम सदर बाजारात एकच माणूस धड करतो. तो पटवा, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवणारा. एका सराफाच्या दुकानाबाहेरच्या ओट्यावर बसतो. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, दुसरं दातात, आणि समोर मंगळसूत्राचे मणी. शेजारून स्कूटर गुडघ्याला घासून गेली तरी त्याची मान वर होत नाही. मी आठ वर्षांची असताना माझी पहिली जोडी त्यानेच बांधली होती. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घर. सगळे त्याला पटवाकाका म्हणतात, मीही म्हणते. आडनाव मी कधी विचारलंच नाही. पुढे जे झालं ते बरंचसं यामुळे झालं.

मी प्रत्येक मुलाच्या घोट्याभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं, गाठ मारली, वर नंबराची चिठ्ठी बांधली. एक ते अकरा. नावं लिहिली नाहीत. ते अकरा दोरे आणि घुंगरांची पिशवी घेऊन काकांकडे गेले.

"कोनाचे हाय बाई?" त्यांनी विचारलं. ते मला लहानपणापासून 'बाई' म्हणतात, लेकीला म्हणावं तसं.

"शाळेतल्या मुलींचे."

हे दुसरं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, आणि 'मुलांचे' म्हटल्यावर जे प्रश्न येतील त्यांची उत्तरं सगळ्यांसमोर द्यायची मला भीती वाटली.

काकांनी सात नंबरचा दोरा उचलला, दोन बोटांत ताणून पाहिला. "काहून वो बाई, तुह्या शाळेत पोट्ट्या शिकते का पहिलवान?"

"मोठ्या वर्गातल्या आहेत."

"मोठ्या म्हंजे केवढ्या? ह्या पायानं तं स्टेज तुटते."

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी क्लास सुटल्यावर स्वप्निल मागे राहिला. बुटाची लेस बांधत होता. ती बांधून झाली होती, तरी बांधत होता.

"मिस, सदर में जो घुंगरू बन रहे हैं ना..."

"हो, पुढच्या आठवड्यात मिळतील."

"मालूम है. पापा बना रहे हैं."

मला आधी कळलंच नाही. "कोणाचे पापा?"

"मेरे." तो लेसशीच बोलत होता. "मैं शाम को उनके पास बैठता हूँ. घुंगरू गिन-गिनके देता हूँ. आपने लड़कियों के बोला था ना? सात नंबर बाँधते-बाँधते बोले, ये लड़की की शादी में दिक्कत आएगी."

मला हसू आलं. मग लगेच गेलं. सात नंबर म्हणजे स्वप्निलच.

"तू घरी काय सांगितलंयस?"

"फिटनेस." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "पापा को मत बताइए, मिस. वो निकाल देंगे मुझे. जनवरी तक मत बताइए, फिर जो होगा देखेंगे. मुझे एक बार तो स्टेज पे करना है."

मी विचार करते म्हणाले. शनिवार-रविवार तेवढंच केलं. जानेवारीत फंक्शन, पालकांना निमंत्रण. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेल्या काकांना आपण बांधलेले घुंगरू आपल्याच मुलाच्या पायात दिसणार. त्यांना कोणी सांगितलं नाही हेही दिसणार. आणि ते मुलाने नाही, मी केलं हे त्यांना लगेच कळणार, कारण 'मुलींचे' मीच म्हणाले होते. बरं, सांगावं तर स्वप्निल जाणार. त्याला निदान विचारून सांगावं, म्हणून सोमवारी मी त्याला गाठलं.

"मी सांगणार आहे," म्हटलं. "तू खोटं बोललास असं नाही सांगणार. मी बोलले, तेवढंच."

तो फक्त म्हणाला, "दोपहर में जाइए. सुबह उनका मूड ठीक नहीं रहता."

मंगळवारी दुपारी गेले. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. समोर उभी राहिल्यावर तिन्ही विसरले.

"काका, मी खोटं बोलले. हे घुंगरू मुलांचे आहेत."

काकांच्या दातात दोरा होता. तो त्यांनी काढला. "पोट्ट्यायचे हाय हे मले मालूम हाय."

"कसं?"

"पोट्ट्यायच्या मापाच्या दोऱ्याले मोज्याचा वास येते. नाक हाय ना मले." ते हसले. "म्हटलं बाई लाजून राहिली, काहून विचारा. शिकव ना. माह्यं काय जाते?"

इथे थांबले असते तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं.

"त्यात सात नंबर स्वप्निलचा आहे. मला माहीत नव्हतं तो तुमचा मुलगा आहे. आता कळलं."

मागच्या डब्यातून त्यांनी सात नंबरची जोडी काढली. बांधून पूर्ण झालेली, पन्नास-पन्नास घुंगरांची. एक टोक अंगठ्याला अडकवलं आणि गाठी सोडायला लागले. एकेक घुंगरू पत्र्याच्या डब्यात पडत होतं. सराफाच्या दुकानातला नोकर बाहेर येऊन पाहून गेला. मी उभी राहिले, कारण निघून कसं जायचं ते कळत नव्हतं.

"मी नाचाले वाईट नाई म्हनत," काका डब्याकडे पाहत म्हणाले. "आमच्या तीन पिढ्या ह्याच्यावर जेवल्या. पन बांधनारा येगळा अन् घालनारा येगळा. मले ह्या बाजारात लहानपनी 'घुंगरू' म्हनून हाका मारे. मी म्हटलं पोट्टा इंग्लिश शाळेत जाईन, खुर्चीवर बसन. आता त्याले नचकार म्हनतीन. तुमाले काय, मॅडम. तुमी शिकवून घरी जाता."

नचकार म्हणजे नाच्या. पण मला लागलं ते 'मॅडम'. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला 'तुमी' म्हटलं होतं.

"उद्या शाळेत येतो," ते म्हणाले. "मोठ्या सरांशी बोलतो."

बुधवारी ते आले. धुतलेला शर्ट, हातात छत्री, डिसेंबर असूनही. दुबे सरांनी चहा मागवला आणि मी काही बोलायच्या आत सूत्रं हातात घेतली.

"अरे भाई साहब, नाच-वाच कुछ नहीं है. फिटनेस है. एक तरह की एक्सरसाइज़ समझिए. बॉडी फ्लेक्सिबल होती है. क्यों मॅडम?"

माझ्यासाठी हा फार सोपा रस्ता होता. नुसती मान हलवायची होती. काका माझ्याकडे पाहत होते.

"नाही सर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "कथक आहे. कार्डवर फिटनेस मी लिहिलं. ते चूक होतं."

दुबे सरांनी चहाचा कप बशीत जरा जोरात ठेवला. काका म्हणाले, "मले पाहाचं हाय. काय शिकवता ते."

शुक्रवार नव्हता, तरी सरांनी मुलांना वर्गातून बोलावलं. खोलीच्या दाराशी काकांनी चपला काढल्या. दुबे सर बुटांसकट आत आले. काका भिंतीला टेकून जमिनीवर बसले, सरांसाठी आणलेल्या खुर्चीच्या बाजूला. त्यामुळे सरांना बसता येईना. ते उभेच राहिले.

मुलं रांगेत आली. वडिलांना पाहून स्वप्निलचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता याच्याकडून एक बोलही फुटणार नाही. म्हणून मी पायांचं नाव काढलं नाही. खाली बसवलं आणि पढंत सुरू केली. टाळी माझी, बोल मुलांचे. पहिल्या आवर्तनात फक्त प्रतीक ऐकू येत होता. दुसऱ्यात सहा-सात जण. तिसऱ्यात स्वप्निलचा आवाज आला, आणि तो आल्यावर बाकीचे त्याच्या मागून गेले, नेहमीसारखे. काकांचा हात मांडीवर होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ते मोजत होते.

"आता तिहाई. स्वप्निल, एकटा."

त्याने घेतली. सुंदर, स्पष्ट, आणि अर्थातच दोन मात्रा आधी पोहोचला. माझी टाळी मागून आली.

"थांब," काका म्हणाले.

सगळे थांबले. मला वाटलं, आता उठतील आणि त्याचा हात धरून घेऊन जातील.

"हे तीन दाने हाय ना एकासारखे? मंधात काय हाय?"

"एक खाली मात्रा, पापा."

"ते खाल्ली तू. दोन्ही खेपेले."

स्वप्निल माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली. पाच महिने मी तेच सांगत होते.

काका सरकत पुढे आले. खिशातून दोरा काढला, टोक अंगठ्याला अडकवलं. "हा एक दाना. मंग काय करतो मी?"

"गाठ."

"काहून?"

"नाहीतर दाना घसरता है."

"मंग? हे रिकामं नाई, पोट्ट्या. हे गाठ हाय. रिकामं समजून पळून राहिला तू. गाठीले बी टाइम लागते. मार गाठ. हातानं मार." मग मान वर करून ते माझ्यावर रागावले, "बाई, तू ह्याले गाठ नाई शिकवली का?"

"नाही काका," मी म्हणाले. "मला माहीत नव्हती."

स्वप्निलने पुन्हा घेतली. पहिल्या तुकड्यानंतर त्याची दोन बोटं हवेत वळली, दोरा ओढल्यासारखी. तो रोज संध्याकाळी पाहत होता ती गाठ. दुसरा तुकडा, पुन्हा गाठ. तिसऱ्याचा 'थेई' माझ्या टाळीवर पडला. प्रतीक ओरडला, "आ गया!" मग दुबे सरांना पाहून गप्प बसला.

काकांनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला. "तुले पाह्यजे का हे?"

"हाँ."

"मराठीत सांग."

"हो."

"जोरानं सांग ना. बोल म्हनाले तं लय जोर व्हता."

"हो! मले पाह्यजे!"

काका उठले. "तं लपून नाई कराचं," ते म्हणाले. हे स्वप्निलला होतं की मला, ते त्यांनी सांगितलं नाही. दाराशी चपला घालताना मात्र दुबे सरांना म्हणाले, "सर, बाकीच्या मायबापायले बी सांगा. माह्या पोट्ट्याचं मले बाजारात मालूम पडलं. त्यायले तसं नको."

सर्क्युलर मी लिहिलं. दोन ओळींचं, हिंदीत. आपका बेटा कथक सीख रहा है. आप किसी भी शुक्रवार आकर देख सकते हैं. दुबे सरांनी सही करायच्या आधी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "आप चुप ही अच्छी थीं." पण सही केली.

पुढच्या शुक्रवारी चार मुलं आली नाहीत. एका साहेबांनी सरांना फोन केला. एका आईने मला गेटवर गाठून विचारलं की यापेक्षा कराटे का नाही. तिचा मुलगा गेला. त्याचे हात अकरांत सगळ्यात सुबक होते, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. दोन घरचे लोक पाहायला आले आणि राहू दिलं. अभनपुरहून प्रतीकचे आजोबा आले, डोक्याला गमछा. मी सर्क्युलर पुढे करून चालेल ना असं विचारलं, तर ते म्हणाले, "हमर गाँव म त टूरा मन च नाचथें. ए म पूछे के का बात हे?" आमच्या गावात तर मुलंच नाचतात, यात विचारायचं काय. दिवाळीनंतर राऊत लोक, म्हणजे गुराखी पुरुष, काठ्या घेऊन दारोदार नाचतात ते मी लहानपणापासून गच्चीतून पाहिलं होतं. कार्ड लिहिताना ते मला आठवलं नव्हतं.

सात मुलं राहिली. आयटम अकरांचा बसवला होता, तो सातांचा करायला तीन आठवडे लागले.

घुंगरांच्या सहा जोड्या वेळेवर आल्या. स्वप्निलची आली नाही. तो काही विचारू देईना. फंक्शनच्या आदल्या दिवशी काका स्वतः घेऊन आले, लाल फडक्यात बांधून. दोरा पांढरा नव्हता, मरून रंगाचा होता.

"त्या दिवशी तुम्ही सोडलेत, तेव्हा मला वाटलं संपलं," मी म्हणाले.

"गिऱ्हाइकाच्या नावानं बांधलेलं आमी घरच्याच्या पायात घालत नाई. घरच्याले दोरा नवा लागते. माप बी आपल्या हातानं घ्या लागते. बांधाच्या आधी देवापुढे ठेवा लागते. तू आनलं व्हतं ते माप मोज्यावरून घेतलं व्हतं बाई, अर्धा बोट मोठं."

"म्हणजे तेव्हाच ठरवलं होतं तुम्ही?"

त्यांनी थोडा विचार केला. "नाई. तवा रागच आला व्हता. पन माप चुकलं व्हतं, हे बी खरं."

फंक्शनमध्ये सातही जण समेवर आले. हॉलमध्ये एक-दोन शिट्ट्या वाजल्या. एक नक्की कौतुकाची होती, दुसरीचं मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये स्वप्निलला कोणीतरी 'नचनिया' म्हणालं. त्याने त्या मुलाला तिहाई म्हणून दाखवायला सांगितलं. त्याला जमली नाही. हे मला प्रतीकने सांगितलं. स्वप्निल अशा गोष्टी सांगत नाही.

आता तो बारावीत आहे. शुक्रवारी आठवीच्या मुलांची पढंत तोच घेतो, आणि त्याच्याकडे शिकलेली सगळी मुलं रिकाम्या मात्रेला 'गाठ' म्हणतात. दुसऱ्या एखाद्या गुरूकडे गेली की त्यांना हे विसरावं लागेल. मी तरी बदललेलं नाही.

त्या फंक्शननंतरच्या वर्षी कार्डावर मी मुलांच्या रकान्यात 'कथक' लिहिलं. दुबे सर म्हणाले, पाच तरी येतील का बघा. सहा आली. सहाही टिकली. मुलांना नाचाकडे आणायचं काम करणाऱ्या कोणाला उपयोग होणार असेल तर माझा हिशोब एवढाच आहे. घरी आधी सांगितलं तर मुलं कमी येतात, आणि नंतर सांगितलं तर आलेली कमी होतात. आकडा जवळपास तोच राहतो. फक्त पहिल्या पद्धतीत सदर बाजारात भर दुपारी उभं राहून माफी मागावी लागत नाही.